पाठ टेकली की झोप

कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या कंपनीत शाल्मलीचं काम दिवसभर खेळून चुका शोधायचं. बसून बसून पाठ इतकी धरली की चहालाही ती टेबलाचा आधार घेऊन उठायची. शेवटी पाठीला नीट आधार देणारी खुर्ची निवडून ती मालकांकडे, रणदिव्यांकडे, मंजुरीसाठी गेली.

रणदिवे आपल्या उंच, गुबगुबीत खुर्चीत रेलले होते. "पाठ टेकली की माणसाला झोप लागते," ते म्हणाले. "मी तर सगळ्यांना स्टुलंच देणार आहे."

"चालेल सर," शाल्मली शांतपणे म्हणाली. "पण तुमच्या खुर्चीला तर डोकं टेकायचीही सोय आहे. मग कंपनीत जागं कोण असतं?"

रणदिवे नकळत ताठ बसले. मग स्वतःशीच हसले आणि त्यांनी मंजुरी दिली.

नव्या खुर्चीत शाल्मली टेकून बसली, आणि कित्येक दिवसांनी आपल्याला पाठ आहे याचाच तिला विसर पडला.