पल्याडच्या दारात ‘मी’ चालत नाही

ओढ्यावरची ही फरशी ओलांडली की पल्याड सुरू होतं. जपून या मंडळी, शेवाळ आहे. शहरात कुणालाही विचाराल तर तो सांगेल, तिकडे काही नाही. रंगाऱ्यांची जुनी घरं आणि कुत्री. आता तुमच्या नाकालाच विचारा. डावीकडे लसणाची फोडणी पडलीय, समोर भाकरी विस्तवावर फुगतेय आणि त्या निळ्या दाराआड शेंगोळे रटरटताहेत. एवढ्याशा गल्लीत इतक्या खाणावळी, आणि एकीवरही पाटी नाही. निळ्या दारापाशी तो उभा दगड दिसतो ना, त्याच्यावरही काही लिहिलेलं नाही. त्याला टेकून चपला तेवढ्या काढू नका.

आणखी एक. दारात गेलात की आतून बाई विचारील, “कोण?” तुम्ही सवयीनं म्हणाल, “मी.” मग बसायला पाट मिळेल, तांब्याभर पाणी मिळेल, जेवण मिळणार नाही. इथं आपलं पूर्ण नाव, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगावं लागतं. मागं एक साहेब “अहो मी, मीच” करत बसले होते. पोटभर पाणी पिऊन परत गेले.

याचं कारण असं सांगतात.

फार पूर्वी, रंगाऱ्यांच्या पिपांमुळे ओढा कधी निळा तर कधी लाल वाहायचा, तेव्हा इथं एक बाई शेंगोळे करून विकायची. हुलग्याचं पीठ लसूण-मिरची घालून मळायचं, हातावर वळायचं आणि उकळत्या रश्शात सोडायचं, एवढंच. पण वास असा जबर, म्हणे, की वारा फिरला तर अल्याडच्या पेठेतल्या लोकांचे उपास मोडायचे. एकदा तिरडीवरच्या माणसानं मान वळवली असंही सांगतात. ती अतिशयोक्ती असावी. नाकपुड्या तेवढ्या फुलल्या होत्या.

पेठेचे चौधरी होते मार्तंडराव पोतनीस. “मी सांगतो,” “मी म्हणतो,” “मी आहे ना,” याशिवाय त्यांचं वाक्य सुरू व्हायचं नाही. हे मार्तंडराव रोज दिवेलागणीला डोक्यावरून उपरणं ओढून त्या बाईच्या मागच्या दाराशी यायचे.

“कोण?”

“मी.”

आवाज ओळखून ती दार उघडायची. हुलगे त्या काळी घोड्यांना घालत. चौधऱ्यानं ते खायचे म्हणजे अब्रूचा प्रश्न. पण रस्सा ओरपताना अब्रूची आठवण कुणाला राहते? बोटं चाटून झाली की म्हणायचे, “तुझ्या हाताला तोड नाही गं.” आणि उपरणं ओढून निघायचे.

पुढं झालं असं, की येणारे-जाणारे गाडीवान पेठेतलं जेवण सोडून पल्याड जेवायला लागले. पेठेतल्या खाणावळवाल्यांनी ओरड केली, की पल्याडच्या चुली घाणेरड्या, खाऊन माणसं आजारी पडतात. चौधऱ्यांच्या ओसरीवर बैठक बसली. चुली विझवायच्या हे जवळजवळ ठरलंच होतं, तेवढ्यात ती बाई आली. कोपरापर्यंत पीठ, तशीच.

“हितं माझ्या हातचं खाल्लेलं कुणी असंल,” ती म्हणाली, “तर त्यानं येवढंच सांगावं. कधी पोट दुखलं का? ती चूल गेली तर माझ्यापाशी दुसरं काय बी न्हाई.”

तिनं चौधऱ्यांकडं बघितलंसुद्धा नाही.

कुणीतरी म्हणालं, “चौधरी, तुम्हीच बोला.”

“मी?” मार्तंडराव हसले. “मी तर तो ओढा कधी ओलांडलेला नाही. आणि हुलगे काय, घोडी खातात.”

ओसरी खदखदा हसली. बाई आली तशी गेली. त्याच संध्याकाळी पेठेची माणसं घागरी घेऊन आली आणि तिच्या चुलीत पाणी ओतून गेली. काळी राख गल्लीभर वाहिली, म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौधरी देवळातून घरी आले. कडी वाजवली. आतून बायकोनं विचारलं, “कोण?” चौधऱ्यांनी “मी” म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडली खिंकाळी. चांगली लांबलचक. तबेल्यातल्या घोड्यानं लगेच उत्तर दिलं.

बाकीचे शब्द नीट यायचे. “पाणी आण,” “दार लाव,” सगळं ठीक. ‘मी’वर आले की खिंकाळी. वैद्यांना बोलावलं, तर ते जीभ बघायची सोडून दातच तपासत बसले. बैठकीत कुणी मत विचारलं की तेच. पहिल्यांदा लोक हसले. मग हसणं आपोआप बंद झालं. कारण डोक्यावरून ओढायचं उपरणं काही एकट्या चौधऱ्यांकडं नव्हतं.

शेवटी एका भर दुपारी मार्तंडरावांनी घरच्या चुलीतले निखारे खापरात घेतले आणि उघड्या डोक्यानं, सगळ्या पेठेच्या डोळ्यांदेखत चालत निघाले. ओढा ओलांडला. या खेपेला पुढच्या दाराशी उभे राहिले. हेच ते निळं दार.

“कोण?”

खिंकाळी.

“घोडं आलंय वाटतं,” आतून आवाज आला. “हुलगं संपल्यात म्हणावं.”

गल्ली पोट धरून हसली. चौधऱ्यांचे कान लाल झाले. खापर हाताला चटके देत होतं, पण ते खाली ठेववेना.

“कोण?” पुन्हा आलं.

“मार्तंड,” ते पुटपुटले. “मार्तंड व्यंकटेश पोतनीस. या घरचं खाऊन पोसलेलं पोट आहे हे. एकदाही दुखलं नाही. बैठकीत खोटं बोललो.”

“मोठ्यानं. ओढ्यापातुर जाऊ द्या.”

त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग दार उघडलं. चौधरी गुडघे टेकून त्या विझलेल्या चुलीत निखारे मांडून फुंकत बसले. राख तोंडावर उडाली, ती त्यांनी पुसली नाही. खिंकाळी गेली की राहिली ते कुणाला ठाऊक नाही, कारण ‘मी’ म्हणून बघायची हिंमत त्यांनी पुन्हा केलीच नाही.

शहरात ही गोष्ट एवढीच सांगतात. पल्याडला थोडी आणखी आहे.

त्या दिवशी जेवून उठताना चौधरी म्हणाले, “तुझ्या हाताला तोड नाही गं...” आणि तिथंच थांबले. पुढं घालायला नाव नव्हतं. इतकी वर्षं जेवले, पण ते कधी विचारलंच नव्हतं, आणि आता विचारायला तोंड होईना. तसेच मान खाली घालून गेले. त्यांना हसलेली गल्ली तरी काय करत होती? तीही तिला शेंगोळेवालीच म्हणायची. पुढं ती वारली. तिच्या दारात दगड उभा करायचा ठरलं, पाथरवट छिन्नी घेऊन बसला आणि म्हणाला, “नाव सांगा.” चौधऱ्यांचं बापासकट नाव पोरासोरांना पाठ होतं. तिचं एकालाही येईना. पाथरवट ऊन उतरेपर्यंत वाट बघून उठून गेला.

आजही तो दगड कोरा आहे. आणि आजही इथं पाहुणा आपलं नाव सांगतो, मग पाटावर बसण्याआधी चुलीजवळच्या बाईला विचारतो, “आणि आपण?” ती आपलं पूर्ण नाव सांगते, तेवढ्याच मोठ्यानं. मगच ताट येतं.

चला. साहेब, तुम्ही फरशीपासून रुमाल नाकावर ओढून घेतलाय, धुळीसाठीच असेल. तो खाली घ्या. आतून विचारताहेत.