मधली राळ

त्या राज्यात कोणतीच गोष्ट एकसंध नव्हती. घरे, होड्या, पूल, सारे थरांवर थर चिकटवून उभे केलेले होते. एका थरात घायपाताचे वाख, म्हणजे पानांतले चिवट तंतू, उभे ताणलेले, त्यावरच्या थरात आडवे, आणि मध्ये झाडाची राळ. वाखांचे सगळ्यांना कौतुक होते. राळेकडे कोणी पाहत नसे.

दरीवरचा पूलही असाच होता. दर वर्षी मुंग्या आपली अंडी घेऊन त्यावरून पलीकडच्या उबदार कड्यावर जात. त्याआधी कोळिणीने पुलाची परीक्षा घ्यायची, अशी रीत होती. खऱ्या पुलावर भार टाकून पाहायचा नाही. दोन फांद्यांमध्ये रेशमाचा इवलासा पूल विणायचा, धाग्याला धागा, थराला थर. मध्ये खऱ्या पुलाचीच खरवडून आणलेली राळ लावायची, आणि वर दवाचे थेंब एकेक करून ठेवत जायचे. इवल्या पुलाचा जिथला धागा तुटे, तिथे मोठ्या पुलाची डागडुजी होई. कोळिणीचा अंदाज आजवर चुकला नव्हता. लोक तिच्या विणीला नावाजत, आणि ते तिला फार आवडे.

त्या वर्षी ही परीक्षा पाहायला सभा भरायच्या आदल्या सकाळी तिने एकटीनेच थेंब ठेवून पाहिले. विसाव्या थेंबापर्यंत एकही धागा तुटला नाही. पण मधले थर एकमेकांपासून अलगद सुटले आणि लोंबू लागले.

कोळीण शरमली. आपलीच वीण बिघडली, वय झाले, असे तिला वाटले. उद्या चारचौघांत हे असे लोंबले तर? तिने ती राळ पुसून काढली आणि थरांमध्ये आपल्या अंगचा ताजा चीक भरला.

दुसऱ्या दिवशी सभेसमोर चाळीस थेंब बसले. इवला पूल जागचा हलला नाही.

"वा, कोळीणबाई! हात आहेत की जादू!" खार म्हणाली.

सुतारपक्षी मात्र खऱ्या पुलावर चोच वाजवून आला होता. "वरून गुळगुळीत आहे," तो म्हणाला, "पण मधे बद्द वाजतोय."

"आजोबा, जन्मभर डोकं आपटल्यावर सगळंच बद्द ऐकू यायचं!" खार म्हणाली.

सगळे हसले. कोळिणीला कालचे लोंबते थर आठवले. बोलायचे तर आत्ताच बोलायला हवे होते. तीही हसली.

मुंग्यांची रांग निघाली. पुढच्या मुंगीकाकूने पुलाशी येऊन तोंडातले अंडे क्षणभर खाली ठेवले. "आम्हाला विणीतलं काही कळत नाही हो, बाई. तुम्ही हो म्हणालात, म्हणून पोरं उचलली."

ती अंडे घेऊन पुढे गेली. कोळिणीला आपले आठ पाय कुठे लपवावेत ते कळेना. रांग मध्यावर पोचली तेव्हा ती धावत सुटली आणि वाटेत आडवी झाली.

"मागे फिरा! सभेतल्या त्या इवल्या पुलात राळ नव्हती. माझा चीक होता."

मुंगीकाकूने पुन्हा अंडे खाली ठेवले. "का पण?"

"थर सुटत होते. वाटलं, माझंच चुकलं. तुम्ही सगळे बघाल म्हणून..."

"धागा तुटला असता, तर सांगितलं असतंत?"

"हो."

"मग सुटलेलं तेवढं झाकायचं होय?"

रांग वळली. एकेक मुंगी तिच्या अंगाला न लागता बाजूने निघून गेली. तेवढ्यात पुलाचे पोट कुरकुरले. काडकन आवाज झाला नाही, कुठे भेग दिसली नाही. पुलाची कड फक्त बाजूने उघडली, आणि मुंगीकाकूचे अंडे घरंगळून त्या फटीत गेले.

"तुम्ही काठावर जा," कोळीण म्हणाली आणि स्वतः फटीत शिरली.

आत उजेड तिरपा येत होता. एकही वाख तुटलेला नव्हता. वरचा थर अखंड होता, खालचा थर अखंड होता. दोघे आपापल्या दिशेने ताठ ताणलेले, आणि मधे राळ असायची तिथून वारा वाहत होता. त्या वाऱ्यात अंडे हलत होते. वरच्या थराला वाटावे, अंडे खालच्याने धरले आहे. खालच्याला वाटावे, वरच्याने.