सूर्य टेकला, पंचकाका!

एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. बाजार अलीकडच्या गावात भरायचा, म्हणून पलीकडची माणसं बाजाराच्या दिवशी नावेत बसून इकडे यायची. त्यांच्याबरोबर त्यांची पोरंही यायची. मोठी माणसं मडकी, मिरच्या, घोंगड्या घेत फिरायची, तोवर दोन्ही गावची पोरं नदीकाठच्या माळावर फुटबॉल खेळायची.

खेळाचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. सूर्य पश्चिमेच्या डोंगराला टेकला, की पंचानं शिट्टी वाजवायची आणि खेळ थांबवायचा. कारण अंधार पडायच्या आत नाव पलीकडे लागावी लागे.

अलीकडच्या गावात रायबा नावाचा एक माणूस सुपं-टोपल्या विणून पोट भरायचा. लहानपणी तोही त्याच माळावर खेळला होता. एकदा चेंडू त्याच्या पायाशी होता, समोरचा गोल मोकळा होता. त्यानं पाय उचलला, आणि तेवढ्यात शिट्टी वाजली. सूर्य टेकला होता. त्या वेळच्या म्हाताऱ्या पंचानं शिट्टी खिशात टाकली आणि पाठ फिरवून तो घरी निघून गेला. रायबा तिथंच उभा राहिला.

तो मोठा झाला, लग्न झालं, केस पांढरे व्हायला लागले. पण संध्याकाळी हातातली टोपली तशीच ठेवून तो कधी कधी माळाकडे बघत बसायचा.

बायको विचारायची, “काय बघताय एवढं?”

“काही नाही,” तो म्हणायचा.

पुढे म्हातारा पंच वारला आणि गावानं शिट्टी रायबाच्या हातात दिली. त्यानं मनाशी ठरवलं, ‘माझ्या शिट्टीपायी कुठल्याच पोराचा गोल अडायचा नाही.’

मग तो खेळ लांबवू लागला. जो संघ मागे असेल, त्याचा गोल होईपर्यंत शिट्टी त्याच्या ओठांपर्यंत जायचीच नाही. बरोबरी झाली, की तो हसत शिट्टी वाजवायचा. पोरं खूश, आईबाप खूश. “असा मायाळू पंच बघितला नाही,” असं लोक म्हणायचे. जे संघ आधी पुढे असायचे, त्यांच्या पोरांची तोंडं उतरायची. पण नाचणाऱ्यांच्या गलक्यात तिकडे कोण बघणार?

पलीकडच्या संघात केशर नावाची एक मुलगी गोल राखायची. अंगानं किरकोळ, पण चेंडूवर मांजरीसारखी झेप घ्यायची. तिचा संघ या माळावर कधीच जिंकला नव्हता. एका बाजाराला मात्र तिच्या संघानं सुरुवातीलाच गोल केला आणि केशरनं समोरून येणारा एकेक चेंडू अडवला. बघता बघता सूर्य डोंगराला टेकला.

“पंचकाका, सूर्य टेकला!” केशर ओरडली.

“थोडंच राहिलंय, बाळ,” रायबा म्हणाला.

केशरनं आणखी एक चेंडू अडवला. मग आणखी एक. तिचा गुडघा सोलवटला होता. घाटावरून नावाडी हाका मारत होता, “अरे, आटपा लवकर! माणसं खोळंबलीत!” अर्धा सूर्य डोंगराआड गेला, मग सगळाच गेला. तरी शिट्टी वाजेना. शेवटी केशरचे पाय थकले आणि चेंडू तिच्या हाताखालून आत गेला.

“गोल!” रायबा स्वतःच ओरडला, आणि त्यानं शिट्टी वाजवली.

पण अंधार पडेल म्हणून नावाडी मोठ्या माणसांना घेऊन निघून गेला होता. पलीकडच्या काठावर माणसं उतरली, पोरं उतरली नाहीत. त्यांच्या आया पाण्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या आणि एकेकाच्या नावानं हाका मारू लागल्या. पाण्यावरून त्या हाका इकडे येत होत्या. पोरं “आई, मी इथंय!” असं ओरडत होती, पण वारा उलटा होता. नावाडी बिचारा तशा संधिप्रकाशात पुन्हा आला आणि पोरांना नावेत घेऊ लागला.

सगळ्यांत शेवटी केशर चढली. चढता चढता ती वळली.

“पंचकाका, आम्ही जिंकलो होतो ना? तो गोल रद्द करू नका. नुसतं सांगा.”

रायबा हातातल्या शिट्टीकडे बघत राहिला. नाव गेली.

पुढच्या बाजाराला पलीकडची माणसं आली, पोरं आली नाहीत. त्याच्या पुढच्या बाजारालाही नाहीत. अलीकडची पोरं आपापसात खेळून बघायची, पण रंग भरत नव्हता. चेंडू बाजूला टाकून ती घाटाच्या पायऱ्यांवर बसायची. नाव दिसली, की उभी राहायची. नावेत नुसती मोठी माणसं आहेत असं दिसलं, की पुन्हा खाली बसायची. त्यांच्यामागे रायबाही उभा असायचा.

एक दिवस म्हादू नावाच्या पोरानं त्याला विचारलं, “काका, ती आता कधीच येणार नाहीत का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी रायबा नावेत बसला आणि पलीकडे गेला. पारावर माणसं बसली होती. त्यानं हात जोडले. “त्या दिवशी सूर्य टेकला तेव्हा तुमची पोरं पुढे होती. ती जिंकली होती. मी खेळ लांबवला, हे माझं चुकलं.”

केशर आईच्या मागे उभी होती. ती पुढे आली.

“आता वेळेवर वाजवाल?”

“वाजवीन.”

“तुमच्या गावचा गोल होत असला, तरी?”

रायबा म्हणाला, “तरी.”

केशरची आई म्हणाली, “बघा हं दादा, पोरांच्या जिवाला लागतं.”

पुढच्या बाजाराला पोरं आली. माळ पुन्हा गजबजला. बाजार सोडून लोक खेळ बघायला जमले. दोन्ही संघ इरेला पेटले होते, पण कुणाचाच गोल होत नव्हता. ऊन उतरलं. तेवढ्यात म्हादूनं चेंडू घेतला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. केशर पुढे धावली आणि घसरून पडली. म्हादूसमोरचा गोल मोकळा झाला.

आणि सूर्य डोंगराला टेकला.

रायबानं शिट्टी उचलली. एका श्वासापुरतं थांबलं, तर काय बिघडणार होतं? पण तो थांबला नाही. त्यानं शिट्टी वाजवली.

चेंडू म्हादूच्या पायातून सुटून गोलात गेला, पण शिट्टीनंतर. गावकरी ओरडले, “अरे रायबा, आपलंच पोर होतं की रे!” म्हादू वळून नुसता बघत राहिला. त्या पोराचं तोंड रायबाला बघवेना. शिट्टी खिशात टाकावी आणि पाठ फिरवून निघून जावं, असं त्याला फार वाटलं. म्हातारा पंच का निघून गेला होता, ते त्याला त्या घडीला कळलं.

पण तो गेला नाही. तो म्हादूजवळ गेला आणि धुळीत मांडी घालून बसला.

“काका, गोल होता,” म्हादू म्हणाला.

“झालाच असता. मी बघितला.”

“मग द्या ना.”

“नाही देता येत, बाळा. वेळ संपली होती. पण दोघांना चुकवून तू इथवर आलास, तेही मी बघितलं.”

म्हादू रडायला लागला. रायबानं त्याला ‘रडू नको’ म्हटलं नाही. तो नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. लोक पांगले. नावाड्यानं हाक दिली.

नावेकडे पळता पळता केशर मध्येच थांबली. “ए, पुढच्या वेळी मी घसरायची नाही हं!” ती म्हादूला म्हणाली.

म्हादूनं बाहीनं नाक पुसलं. “घसरू नकोस. मग बघ कसा घालतो ते!”

ती हसली आणि पळाली. नाव काठ सोडून निघाली. उजेड होता, पोरं हात हलवत होती, आणि पलीकडच्या काठावर आज कुणीच हाका मारत नव्हतं. म्हादू घाटावर उभा राहून नाव पलीकडे लागेपर्यंत बघत राहिला.

“काका,” त्यानं विचारलं, “पुढचा बाजार लवकर नाही का येणार?”

“नाही रे,” रायबा म्हणाला. “त्याच्या दिवशीच येणार.”

म्हादूनं चेंडू उचलला आणि चार पोरांना हाक मारून तो पुन्हा माळाकडे वळला.

तात्पर्य एवढंच: मायेपोटीसुद्धा कुणाचा वेळ दुसऱ्याला देऊ नये. शेवट वेळेवर करावा, आणि ज्याच्या जिवाला तो लागला, त्याच्याजवळ थोडं बसावं.