कूपनाची मागची बाजू

"पण ही सरळसरळ फसवणूक नाही का, आऊ?"

शर्मिष्ठाचा आवाज इतका चढला की शेजारच्या काउंटरवरची माणसंही वळून बघायला लागली.

आऊ ट्रॉलीला टेकून उभ्या होत्या.

मिरजेच्या अन्नदा बझारमधली दुपारची चारची वेळ. ट्रॉली शिगोशीग भरलेली. काउंटरवर चार हिरवी कूपनं, आणि पलीकडे नसीम नावाची मुलगी अवघडून बसली होती. चारही कूपनांवर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, शंभर रुपये सूट. शर्मिष्ठानं चारही एकदम पुढं केली होती. नसीमनं त्यातली तीन परत सरकवली होती.

"मॅडम, एका बिलाला एकच चालतं."

"असं कुठं लिहिलंय?"

"मागं लिहिलंय, मॅडम."

"मागं! लोकांना दिसू नये म्हणूनच मागं लिहायचं ना? मी एम.कॉम. आहे, मला शिकवू नका."

रांगेतून एक जाडसर आवाज आला, "एम.कॉम.वाल्या ताई, आम्ही बारावी नापासांनी घरी कधी जायचं?"

चारपाच जण हसले. शर्मिष्ठाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं आऊंकडं पाहिलं. आता आऊ बोलतील, आणि या मुलीची चांगली खरडपट्टी निघेल, असं तिला वाटलं.

आऊंचं अन्नछत्र एका मोठ्या दवाखान्यामागच्या गल्लीत होतं. पेशंटबरोबर आलेल्या परगावच्या माणसांना तिथं दोन वेळा गरम जेवण मिळे. भगवं वस्त्र नाही, गळ्यात माळ नाही, नऊवारी सुती लुगडं नेसलेली सत्तरीची बाई. पण अडलेली माणसं जेवून झाल्यावर त्यांच्यापाशी बसत, काहीबाही विचारत, आणि जाताना पाया पडत. शर्मिष्ठाचे वडील दवाखान्यात होते तेव्हा ती अठरा दिवस तिथंच जेवली होती. वडील बरे होऊन घरी गेले. ही मात्र दोन महिन्यांपूर्वी परत आली, ती राहिलीच.

आऊंचे गुडघे आताशा त्यांचं ऐकत नसत. सकाळीच त्या म्हणाल्या होत्या, "आजचा बाजार तू कर. मी नुसती उभी राहते. जमलं, तर पिशवी तुझी."

पिशवी म्हणजे बाजाराची निळी पिशवी. ती ज्याच्या खांद्यावर, त्याच्या शब्दावर अन्नछत्राची चूल. शर्मिष्ठाला ती हवी होती. जेवून जाणारे लोक आऊंच्या हातात कूपनं ठेवून जात; तिनं ती महिनाभर जपून ठेवली होती. चार कूपनं, चारशे रुपये. तेवढ्यात आणखी कितीजण जेवतील, तेही तिनं स्वयंपाकघरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

आणि आता हे.

आऊंनी हात पुढं केला. नसीमनं मुकाट्यानं कूपन त्यांच्या हातावर ठेवलं. आऊंनी ते उलटं केलं, मागची बाजू नीट न्याहाळली, आणि परत नसीमकडं दिलं.

"हे मागचं वाच गं, बाय. सगळं वाच. गडबड करू नगंस."

नसीम सावरून बसली. तिनं वाचायला सुरुवात केली. एका बिलावर एकच कूपन. खरेदी कमीत कमी हजार रुपयांची. तेल आणि साखर हजारात धरली जाणार नाही. आधीच सवलत असलेला माल धरला जाणार नाही. आज शेवटची तारीख.

"एका माणसाला किती, ते हाय का त्यात?"

नसीमनं पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "...नाही, आऊ."

"मग साहेबांना इचार. तुझ्यावर नको यायला."

मॅनेजर आले. त्यांनी कूपन वाचलं, ट्रॉली पाहिली, आऊंना नमस्कार केला. "वेगवेगळी बिलं करा की, आऊ. चालतंय. नसीम, यांची लागोपाठ करून टाक."

"लागोपाठ कशी?" आऊ म्हणाल्या. "मागं माणसं खोळंबल्यात."

आणि त्या ट्रॉलीतला माल वेगळा करू लागल्या. तेलाचे डबे बाजूला. साखर बाजूला. साबणावर आधीच सूट होती, तोही बाजूला. तांदूळ, तूरडाळ, बेसन, शेंगदाणे, रवा, असे वाटे पडत गेले. तेल धरून चार वाटे सहज होतील, असा शर्मिष्ठाचा अंदाज होता. वाटे तीनच झाले.

"चौथं वाया जाईल, आऊ. बिस्किटाचे पुडे घेऊ का चार डझन? हजार भरतील."

"कोण खाणार?"

"...कुणीतरी खाईलच की."

आऊंनी तिच्याकडं नुसतं पाहिलं. बिस्किटांचा विषय तिथंच मिटला.

पहिल्या वाट्याचं बिल झालं. शंभर रुपये कमी झाले. शर्मिष्ठानं घाईनं दुसरा वाटा काउंटरवर ठेवायला घेतला, तर आऊ ट्रॉलीची दांडी धरून निघाल्या होत्या. रांगेच्या पार शेवटाला.

"आऊ! साहेबांनी सांगितलंय ना, लागोपाठ चालतंय म्हणून!"

"त्यांनी सांगितलं. रांगेनं कुठं सांगितलंय?"

शर्मिष्ठाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मघाशी जिथं तिनं तोरा मिरवला, त्याच माणसांच्या मागं आता तिनं उभं राहायचं. पुढचे लोक वळून वळून बघत होते. आऊ मात्र एका गुडघ्यावरचा भार दुसऱ्यावर देत, पुढच्या बाईशी रव्याच्या जाडीबद्दल बोलत होत्या. बाई म्हणाली, "आऊ, तुम्ही व्हा पुढं." आऊ म्हणाल्या, "तुझी पोरगी शाळेतून यायची वेळ झाली असंल. तूच हो."

पुन्हा नसीम. पुन्हा आऊंनी कूपन उलटं केलं, न्याहाळलं, पुढं केलं.

"वाच गं, बाय."

"तेच आहे, आऊ."

"तरी वाच."

नसीमनं वाचलं. तेच होतं. शंभर रुपये कमी झाले. आऊ पुन्हा रांगेच्या टोकाला.

शर्मिष्ठाच्या मनात आता काहीतरी उलगडू लागलं होतं. आऊंना हे सगळं तोंडपाठ असणार, हे उघड होतं. घरी बसून त्यांनी एकेक नियम घोकला असणार. तरीही त्या त्या मुलीला वाचायला लावत होत्या, म्हणजे तिची चूक होऊ नये, तिचा मान राहावा म्हणून. केवढं हे मन! मघाचा आपला आरडाओरडा आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आऊंची पाठ ती बघत राहिली. थोडी वाकलेली, घामानं भिजलेली, आणि जराही घाई नसलेली पाठ.

तिसऱ्यांदा नंबर आला.

"वाच गं, बाय."

या वेळी नसीमनं तक्रार केली नाही. वाचता वाचता ती थबकली.

"आऊ... ह्याच्यावर डाळ चालत नाही."

शर्मिष्ठानं कूपन जवळजवळ हिसकावूनच घेतलं. तोच हिरवा रंग. तोच शंभराचा आकडा. मागं एक ओळ जास्त होती. आणि तिसऱ्या वाट्यात डाळच अधिक होती. महिनाभर तिनं ते रोज हाताळलं होतं.

आऊंनी चौथं कूपन पुढं केलं. "हे बघ बरं."

नसीमनं तेही वाचलं, शेवटच्या अक्षरापर्यंत. त्याच्यावर डाळ चालत होती. तिसऱ्या वाट्याचं बिल त्याच्यावर झालं. तेल, साखर आणि साबणही त्यातच, हजाराच्या हिशेबाबाहेर.

डाळ न चालणारं कूपन तेवढं हातात उरलं.

मघाचा तो जाडसर आवाजाचा माणूस या वेळी त्यांच्या मागंच उभा होता. राहिलेला माल आणायला तो मध्येच रांग सोडून गेला असावा. आऊंनी त्याच्या टोपलीत डोकावून पाहिलं. बासमती, तूप, काजू, खोबरं.

"तुमच्यात डाळ न्हाई. हजाराच्या वर जातंय नव्हं? हे घ्या."

तो गडबडला. "मला कशाला, आऊ? मी मघाशी..."

"आज शेवटची तारीख हाय त्याची."

त्यानं कूपन दोन्ही हातांनी घेतलं.

बाहेर पायरीवर बसून दोघी रिक्षाची वाट बघत होत्या. आऊ गुडघे चोळत होत्या.

"आऊ, एक विचारू? हे सगळे नियम तुम्ही कधी वाचून ठेवलेत?"

"वाचून?" आऊ मनापासून हसल्या. "अगं, मला कुठं वाचायला येतंय?"

शर्मिष्ठा दचकली. वर्तमानपत्र त्या रोज कुणाकडून तरी वाचून घेत. ती समजत होती, डोळे अधू असतील...

"पण तुम्ही तर प्रत्येक कूपन उलटं करून बघत होतात."

"बघत व्हते. ओळी किती हाईत ते दिसतंय की. एवढ्या बारीक ओळी, म्हंजी कुणीतरी कायतरी सांगतंय. मग इचारायचं."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक कागद येगळा हाय नव्हं?"

रस्त्यावरून एक रुग्णवाहिका गेली.

शर्मिष्ठाला मान वर करवेना. "चूक झाली, आऊ. आजचा बाजार काही मला जमला नाही. पिशवी तुमच्याकडंच राहू दे."

रिक्षा आली. सामान आत गेलं. मग आऊंनी आपल्या खांद्यावरची निळी पिशवी काढली, तिची घडी सारखी केली आणि शर्मिष्ठाच्या खांद्याला अडकवली.

ती बघतच राहिली. "मला? एवढं होऊनही?... मी शिकेन, आऊ. निदान मला वाचता तरी येतं."

आऊ तिचा हात धरून हळूच रिक्षात चढल्या.

"येतं खरं," त्या म्हणाल्या. "तेवढ्यापासनं जरा सांभाळ."