नागोजीची चिंच

एका गावात एक जुनी चिंच होती. उभी होती नागोजी माळ्याच्या परसात आणि वाकली होती शेजारच्या अनसूया कासारणीच्या घरावर. त्या गावची रीत अशी, की काठी लावून चिंचा झोडपायच्या त्या झाडाच्या मालकानेच. आपसूक गळून शेजाऱ्याच्या अंगणात पडतील, त्या शेजाऱ्याच्या. नागोजी मोठा धोरणी. चिंचा पिकून गळायच्या आधीच तो लांब काठी घेऊन हजर होई आणि अनसूयेच्याच अंगणात उभा राहून फांद्या झोडपी. तिच्या वाट्याला चार-दोन चिंचा उरत. तेवढ्यावर तिची आमटी आंबट होई आणि तिची काही तक्रार नव्हती.

एका वर्षी चैत्रात वावटळ उठली. दुसऱ्या दिवशी अंगण झाडताना अनसूयेला कुंपणापलीकडे दिसलं, की बुंध्याजवळची माती उकलली आहे आणि मुळं वर आली आहेत. झाडाचा सगळा भार तिच्या छपराकडे होता. नेमकी त्याच बाजूला बाळंतिणीची खोली. तिची लेक सुभद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बाळाचा पाळणा तिथेच आढ्याला टांगला होता. बाकीचं घर म्हणजे उघडी पडवी आणि बांगड्यांच्या माळा. लेकीला हलवायचं तरी कुठे?

अनसूया नागोजीकडे गेली.

"भावजी, झाड कलतंय. तोडा, नाहीतर दोर लावून ओढून तरी घ्या."

नागोजी ओट्यावर गूळ-शेंगदाणे खात बसला होता. "फांद्या तुमच्या छपरावर, सावली तुमच्या अंगणात, चिंचा तुम्ही वेचता. मग झाड माझं एकट्याचं कसं, वहिनी? आणि वारा काही मला विचारून सुटत नाही."

अनसूया घरी आली. खाल्लेल्या चार चिंचांची तिला लाज वाटू लागली. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही. त्या भिडेपायी ती गप्प बसली. वारा सुटला की पाळणा हलवता हलवता तिची नजर वर जाई. एका दुपारी फांदी करकरली, तशी सुभद्रा म्हणाली, "आई, तू कोणाचं मन राखतेस? खाली माझं लेकरू आहे."

अनसूया उठली ती तडक चावडीवर गेली. चार माणसं बसली होती, त्यांच्यादेखत तिने पाटलांना सगळं सांगितलं. पाटलांनी नागोजीला बोलावून घेतलं आणि तिला सगळं त्याच्यासमोर पुन्हा सांगायला लावलं. नागोजीने सावलीचं आणि चिंचांचं तेच पालुपद लावलं. पाटलांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या झाडाला काठी कोण लावतो?"

"मी," नागोजी छाती काढून म्हणाला. "दुसऱ्या कोणी लावून तर बघावी."

"मग टेकूही तूच लावायचा. आणि नीट ऐक. कोणाला काही ठाऊक नसताना झाड पडलं असतं, तर आम्ही वाऱ्याला बोल लावला असता. आता या बाईनं तुला चारचौघांत सांगितलंय. यापुढे पडलं तर ते वाऱ्यानं नाही, तू पाडलंस असं गाव धरेल. घर तू बांधून देशील. माणूस कुठून आणशील?"

नागोजीचं तोंड कच्ची चिंच चावल्यासारखं झालं. पण शेवटचा प्रश्न त्याला लागला. त्याच दिवशी त्याने दोरखंड बांधले, आपल्या बाजूने बैल जुंपले आणि बुंध्याला कुऱ्हाड लावली. झाड कडाडलं आणि नागोजीच्याच वांग्यांच्या वाफ्यावर आडवं झालं. अनसूयेच्या छपराचं एक कौलही हललं नाही.

नागोजीने तुटलेल्या बुंध्यात हात घातला. आत माणूस बसेल एवढी ढोली होती आणि लाकडाचा नुसता भुसा हाताला येत होता. तेवढ्यात पलीकडे बाळ रडलं. नागोजी कुंपणाशी आला.

"वहिनी, आणखी एक वारा आला असता तर..."

"नाही ना आला," अनसूया म्हणाली. "चला, आमटी केलीय. चिंच तुमचीच आहे."

नागोजीने आमटीची दुसरी वाटी मागून घेतली. आणि अनसूयेने त्या संध्याकाळी पाळण्याची दोरी हातात घेऊन अंगाई म्हटली, ती एकदाही वर न बघता.

तात्पर्य: ज्याला झाडाच्या फळांचा हक्क, त्याच्यावरच झाडाचा भार; आणि धोका दिसला की भीड न धरता वेळेवर, चारचौघांत सांगावं.