सही कुणाची घ्यायची?

सांगा सांगा करून माझा चहा गार केलात. आता सांगतो, पण मधे बोलायचं नाही.

आष्टीत गोदाक्का ढवण घरोघर इंटरनेट पुरवते. इंटरनेटलाही घरांसारखे पत्ते लागतात. तिचे पत्ते तिच्या स्वतःच्या नावावर, कुठल्या कंपनीची मिंधी नाही ती. पण आता त्या पत्त्यांचा मालकीचा दाखला काढायची वेळ आली. पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचं स्वतः सभासद होऊन काढावा, तर दरसालची फी डोईजड. मोठ्या कंपनीच्या शिफारशीनं मात्र स्वस्तात निघतो. म्हणून तिनं कंपनीच्या सबनीस साहेबाला दुकानात बोलावलं.

साहेब पायावर पाय टाकून बसला. "शिफारस कशाला? पत्ते आमच्या नावावर करा, दाखला फुकट. इथं सही करा."

"आणि उद्या तुमच्याशी पटलं नाही तर?"

"तर नवे पत्ते शोधा! अहो बाई, दाखल्याशिवाय हे तुमचे कशावरून? उद्या कुणीही म्हणेल, माझे."

गोदाक्कानं कागद परत सरकवला. "मग माझी सही कशाला मागता, साहेब? ज्याचे असतील त्याची घ्या की."

"दुसऱ्याची कशी चालेल? नोंद तुमच्याच नावावर आहे!" साहेब खेकसला.

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, मीही त्यातच. सगळ्यांनी ऐकलं.

"झालं तर. तेवढंच शिफारशीत लिहा."

चारचौघांत बोलून बसलेल्या साहेबानं शिफारस लिहून दिली. दाखला आला, पत्ते तिचेच राहिले, धंदा झकास चाललाय. फक्त त्या दिवशी 'वहिनी, करून टाका सही' म्हणणाऱ्या तिच्या दिरानं, मी नको म्हटल्यावर मला 'म्हाताऱ्या, गप बस' म्हटलं होतं. अजून माफी मागितलेली नाही. नाव लिहून घ्या: रंगनाथ ढवण.