कुर्लीच्या दारातल्या खुणा

फार पूर्वी, ओहोटीनंतरच्या ओल्या वाळूवर कुणीही लिहावं अशी मुभा नव्यानेच मिळाली होती, तेव्हाची ही गोष्ट. सगळे खेकडे आपापल्या बिळापुढे लिहू लागले. एका लहानशा कुर्लीलाही आईबद्दल लिहायचं होतं. ‘माझी आई भरतीत वाहून गेली’ एवढी पहिली ओळ लिहून ती कुणी येतंय का ते बघत बसली. कुणी आलं नाही.

शेजारचा थोराड खेकडा म्हणाला, “अगं, नुसतं लिहून कोण येतं? आधी दुसऱ्यांच्या दारात जा, आवडल्याची खूण म्हणून नांगी टेकव. मग तेही येतील.”

“पण वाचायला वेळ लागेल ना, काका?”

“वाचायला कोण सांगतंय तुला?”

कुर्ली निघाली. दिसेल त्या दारात नांगी टेकवत तिने किनारा पालथा घातला. दुपारी परतली, तर तिच्या दारात इतक्या खुणा होत्या की तिची ती ओळ त्यांच्याखाली पुसून गेली होती. कुर्ली हरखून खुणांकडे पाहत राहिली.

तेवढ्यात एक म्हातारी गोगलगाय सरपटत तिथे पोचली.

“सकाळी त्या खडकावरून तुझी पहिली ओळ वाचली आणि निघाले, बाळ. पुढे काय झालं?”

कुर्लीने घाईघाईने नांगी वाळूत रोवली. “लिहितेच आता. थोडं थांबाल का, मावशी?”

“मी थांबेन गं,” गोगलगाय म्हणाली. “माझ्या मागोमाग भरतीचं पाणी आलंय, त्याला तेवढं विचार.”